ज्येष्ठांना आपल्या पायांवर उभं ठेवणाऱ्यांचा सत्कार : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचा ज्येष्ठ नागरिक संघ नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमधला. बहुतेक घरांत दोघंच, काही घरांत एकटंच कोणी; मुलं पुण्यात, बंगलोरात नाहीतर त्याहून लांब. संघातर्फे आम्ही काही व्यक्तींचा आणि जमलं तर एखाद्या संस्थेचा सत्कार करतो. त्यासाठी एकच अट आहे : त्यांच्यामुळे साठीपुढचं कोणीतरी आपल्याच घरात, आपल्याच मर्जीने राहू शकत असलं पाहिजे. दुसऱ्या वस्त्यांतले संघ, फ्लॅट स्कीमचे सेक्रेटरी, महिला मंडळं असे सगळेच याबद्दल विचारत असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम आमचे आहेत, पटतील तेवढे घ्या.

सत्कार नेमका कोणाचा करायचा?

ज्याच्या मदतीमुळे म्हाताऱ्या माणसाचं दुसऱ्यावाचून अडणं कमी झालं, त्याचा.

नागपूरच्या उन्हाळ्याचंच घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलर ही चैन राहत नाही. पण पंचाहत्तरीच्या एकट्या बाईला खिडकीबाहेरच्या टाकीत बादलीने पाणी ओतणं कसं जमणार? एक मेकॅनिक मार्चमध्ये येतो, ताट्या बदलतो, टाकी धुतो, पैसे घेऊन जातो. काम झालं, तक्रार नाही. दुसरा हे सगळं करतोच, शिवाय नळापासून कूलरपर्यंत पाइप टाकून देतो, पाणी भरलं की आपोआप बंद व्हावं म्हणून टाकीत फ्लोट बसवतो, पंपाचं बटण स्टुलावर न चढता हात पोचेल इतकं खाली आणतो आणि निघण्याआधी काकूंच्या हातून दोनदा चालू-बंद करून घेतो. पाऊस येईपर्यंत काकूंना पाण्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. सत्कार या दुसऱ्याचा.

ब्लँकेट वाटणारे, फळं वाटणारे, दिवाळीत फराळाची पाकिटं देऊन फोटो काढणारे भले लोक असतील, पण ते या यादीत येत नाहीत.

स्वतंत्र राहणं म्हणजे एकटं राहणं का?

नाही. मुलाच्या घरात राहणारे आजोबा स्वतःच्या पेन्शनचा हिशेब स्वतः ठेवत असतील, हवं तेव्हा बागेत जात असतील, तर ते स्वतंत्रच. उलट एखाद्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आजींच्या किल्ल्या, पासबुक आणि फोन तिन्ही दुसऱ्याच्या ताब्यात असतील, तर त्याला स्वातंत्र्य म्हणायला आम्ही तयार नाही.

डॉक्टर मंडळी यासाठी दोन जुन्या याद्या वापरतात, आम्हालाही त्या फार उपयोगी पडल्या. पहिली १९६३ ची, कॅट्झ यांची. तिच्यात अगदी शरीराच्या गोष्टी आहेत : अंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, हाताने जेवणं. दुसरी १९६९ ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची : फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचे व्यवहार. कोणाचंही नाव सुचवलं गेलं की आम्ही विचारतो, या कामांपैकी कोणतं काम त्या ज्येष्ठाला आता स्वतः करता येतं किंवा करत राहता येतं? उत्तर आलं तर पुढे जायचं. "फार प्रेमळ माणूस आहे हो," एवढंच आलं तर थांबायचं.

घरच्या माणसांचं नाव चालतं का? आमची सून आमचं सगळं करते.

चालत नाही. सुनेचं कौतुक घरात करा, चारचौघांत करा, नातेवाइकांसमोर तर जरूर करा. पण संघाने एका सुनेला शाल घातली की शेजारच्या तीन घरांत त्याच रात्री भांडण होतं. शेजारी, भाडेकरू, जुना विद्यार्थी, लांबचा भाचा यांची नावं मात्र आनंदाने द्या.

पगार घेऊन काम करणाऱ्यांचा सत्कार कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा निवृत्त अधिकारीच विचारतात, आणि त्यांनी आयुष्यभर पगार घेतलेला असतो.

पैसे घेतले म्हणजे ते काम आपुलकीचं नाही, हे आम्हाला पटत नाही. डबा देणाऱ्या ताई पैसे घेतात. पण रोज दार वाजवून डबा हातात देतात, दोन हाका मारून दार उघडलं नाही तर शेजाऱ्याला सांगतात, मधुमेहवाल्या काकांच्या डब्यातला भात न सांगता कमी करतात. औषधाच्या दुकानातला मुलगा प्रत्येक पट्टीवर जाड स्केचपेनने "सकाळी, जेवणाआधी" असं मराठीत लिहून देतो. त्यामुळे मोतीबिंदू झालेले गृहस्थ कोणाला न विचारता गोळ्या घेतात. ऑटोवाले, इस्त्रीवाले, किराणा घरपोच देणारे, रात्रपाळीच्या आया, फिजिओथेरपिस्ट, नळ दुरुस्त करणारे, सगळे पात्र.

एक पथ्य पाळा. त्यांना आधी विचारा. कामाच्या ताईंना संध्याकाळी पाचला मंचावर बोलावलं तर त्यांची दोन घरं बुडतात आणि त्या घरांतली माणसं त्यांना बोलतात. वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, बुडालेल्या कामाचे पैसे द्या, आणि नको म्हणाल्या तर आग्रह करू नका.

पोस्टमन, बँकेतले कर्मचारी? ते तर त्यांचं कर्तव्यच करतात.

कर्तव्यापुरतं केलं असेल तर आभाराचं पत्र पुरे. त्यांच्या वरिष्ठांना पाठवलेलं दोन ओळींचं पत्र शालीपेक्षा जास्त कामी येतं.

पण नोव्हेंबर आठवा. सरकारी पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आहे, आता चेहरा ओळखूनही दाखला निघतो, आणि पोस्टमन घरी येऊनही तो काढून देतो. बोटांचे ठसे पुसट झालेल्या आजोबांचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा "बँकेत जा" म्हणून निघून जाणारा एक आणि बसून मोबाइलवर चेहऱ्याने दाखला काढायला शिकवणारा दुसरा. दुसऱ्याचं नाव कळवा.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थांना का घेत नाही?

त्यांचं काम मोठं आहे आणि गरजेचं आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असं निवासस्थान असावं, असं म्हटलेलं आहे. पण आमचा सन्मान घर सुटू नये म्हणून झटणाऱ्यांसाठी आहे. एखादा आश्रम आसपासच्या वस्तीला डबे पुरवत असेल, दिवसापुरतं केंद्र चालवत असेल, पडल्यानंतर महिनाभर ठेवून पुन्हा चालतं करून घरी पाठवत असेल, तर त्या कामासाठी त्याला जरूर घ्या.

संस्थेची खातरजमा कशी करायची?

नोंदणी क्रमांक मागा. न्यास असेल तर त्याची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात असते आणि हिशेबाचं लेखापरीक्षण करून घेणं त्याला बंधनकारक असतं. मागच्या तीन वर्षांचे हिशेब दाखवा म्हटल्यावर जे लगेच दाखवतात त्यांच्याबद्दल निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं काम कागदावर होत नाही. ज्यांना मदत मिळते अशा दोन-तीन ज्येष्ठांना, संस्थेचा माणूस सोबत न घेता, भेटा. चहा घ्या. गप्पांत एकच विचारा : "ते लोक महिनाभर आले नाहीत तर तुमचं काय काय अडेल?" चांगल्या संस्थेबद्दल उत्तर येतं, "करमणार नाही, पण चालेल." जिथे आजी घाबरून म्हणतात, "अहो असं नका बोलू, मी मरेनच," तिथे संस्था सेवा भरपूर करते, पण माणूस आणखी परावलंबी करून ठेवते. दोष द्यायचा नाही, सत्कार मात्र दुसऱ्याचा करायचा.

सुचवलेला माणूस आजोबांचे पैशाचे व्यवहारही बघतो. चालेल ना?

इथे सगळ्यात जास्त सावध राहा. वीजबिल भरणं, बँकेत सोबत जाणं, फॉर्म भरून देणं यात काही वावगं नाही. पण एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असेल, ओटीपी त्याच्याच फोनवर येत असेल, किंवा घर नुकतंच त्याच्या नावावर झालं असेल, तर नाव बाजूला ठेवा. प्रामाणिक असला तरी ठेवा. आपण मंचावर सत्कार केलेला माणूस उद्या नातेवाइकांच्या तक्रारीत निघाला तर ज्येष्ठालाच त्रास होतो.

जाता जाता एक माहितीची गोष्ट. 'शेवटपर्यंत सांभाळीन' या अटीवर घर बक्षीसपत्राने दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर २००७ च्या त्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात होतो. अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणं फार महत्त्वाचं, म्हणून सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

निवड कोणी करायची?

ज्येष्ठांनीच. आमच्या समितीत पाच जण, त्यात निम्म्याहून जास्त सत्तरीपुढचे आणि किमान दोन बायका. बायका का, तर पुरुषांच्या सभेत कूलर, बँक आणि ऑटो यांवर चर्चा होते. न्हाणीघरातली फरशी घसरत होती आणि तिथे कोणी दांडी बसवून दिली, हे बायकांनाच आठवतं. पडण्याच्या भीतीने दोन-दोन दिवस अंघोळ टाळणाऱ्या आज्या आपल्याच गल्लीत असतात, फक्त त्या सभेत सांगत नाहीत.

तरुण मुलं धावपळीला घ्या, मताला नको.

नाव सुचवायला अर्ज कसा असावा?

एक पान. कोणाला, कोणत्या कामात, किती काळापासून, आणि त्यामुळे आता काय जमतं. बस. आकर्षक फाइल, वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेऊ नका. त्या ज्यांच्याकडे असतात त्यांना सत्कारांची टंचाई नसते. लिहिता येत नसेल किंवा हात थरथरत असेल तर फोनवर सांगू द्या, समितीतल्या कोणीतरी लिहून वाचून दाखवावं.

स्वतःच स्वतःचं नाव पाठवणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. दरवर्षी येतात.

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह पुरेसं नाही का?

श्रीफळ द्या, त्यात मान आहे. शालीचं म्हणाल तर मिळालेल्या शालींनी भरलेली कपाटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काचेच्या स्मृतिचिन्हाला एका खोलीच्या घरात जागा नसते. कष्टकरी माणसाला रक्कम द्या, ती पाकिटात, मंचावर आकडा न सांगता. संस्थेला तिच्या कामाची वस्तू द्या : वॉकर, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची. त्या फिरत्या राहतात.

खरा जीव लावायचा तो मानपत्रात. "आपण समाजाचे भूषण आहात, आपल्या कार्याचा सुगंध सर्वत्र दरवळत आहे" असं कोणालाही लिहिता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. त्याऐवजी काय घडलं ते लिहा. एका ऑटोवाल्या भाऊंच्या मानपत्रातला मजकूर असा होता :

"दर मंगळवारी सकाळी आपण येता. काकांचा वॉकर आधी आत ठेवता, मग काकांना त्यांच्या वेगाने चढू देता. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत उभे राहून चिठ्ठी आपण काढता, पण डॉक्टरांशी बोलायला काकांनाच पुढे करता. परतीच्या वाटेवर त्यांनी म्हटलं तर सीताबर्डीवर पाच मिनिटं थांबता, कारण त्यांना स्वतःच्या हाताने संत्री निवडायला आवडतात."

हे वाचलं जात असताना ऑटोवाले भाऊ खाली मान घालून बसले होते. काका मात्र मध्येच ओरडले, "पाच नाही, पंधरा मिनिटं थांबतो तो!"

कार्यक्रम कधी ठेवावा?

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९० मध्ये ठरवला आणि १९९१ पासून पाळला जातो. दिवस योग्यच आहे, पण आपल्याकडे तो कधी पितृपक्षात येतो, कधी नवरात्रात. पितृपक्षात सत्कार नको म्हणणारे निघतात. दसऱ्याच्या आसपास आला तर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या भागातून ज्येष्ठांना ये-जा करायला लावू नका. आठवडाभर मागेपुढे केलं तर बिघडत नाही.

डिसेंबरात हवा उत्तम असते, पण विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडे मोर्चे आणि बंदोबस्त. जानेवारी-फेब्रुवारी बरा. एप्रिल ते जून विचारच करू नका.

आणि कुठे?

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह देखणं आहे, पण शंभर-दीडशे माणसं तिथे दिसेनाशी होतात. सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाचं संकुल सोयीचं पडतं, कारण मेट्रोचं झाशी राणी चौक स्थानक जवळ आहे आणि स्थानकात लिफ्ट असते. पण आमचं मत विचाराल तर वस्तीतलंच समाजभवन किंवा बागेतला मांडव घ्या. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते चालत येऊ शकले पाहिजेत.

सभागृह बुक करण्याआधी स्वतः जाऊन तीन गोष्टी पाहा : मंचाला पायऱ्या किती आणि कठडा आहे का, शौचालय त्याच मजल्यावर आहे का, आणि मागच्या रांगेत आवाज नीट पोचतो का. मंच उंच असेल तर सत्कार खालीच करा. दीड तासात संपवा. तर्री पोहे ठेवायचे तर तर्री वेगळ्या भांड्यात. निम्म्या लोकांना ती वर्ज्य असते आणि तरी ते घेतात, ते त्यांचं स्वातंत्र्य.

आमदार, नगरसेवक यांना बोलवावं का?

बोलवा, पण श्रोत्यांत बसायला. नाहीतर कार्यक्रम त्यांच्या वेळेवर सुरू होतो, आणि दीड तास खुर्चीवर बसून आजींचे पाय सुजतात. हार ज्या ज्येष्ठाला मदत झाली त्याच्याच हातून घाला.

फोटो आणि बातमी द्यायची ना?

सत्कारमूर्तीचा फोटो द्या, त्यांची परवानगी घेऊन. ज्येष्ठाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. "अमुक नगरात, तमुक गल्लीत एकट्या राहणाऱ्या ८१ वर्षांच्या काकू" असं माइकवर सांगणं, छापणं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आडनाव नको, वस्ती नको, मुलगा परदेशात आहे हेही नको. सूत्रसंचालकाला हे आधी लिहून द्या. त्यांना भारावून जायची सवय असते.

सरकारी पुरस्कार आहेत, मग हे वेगळं कशाला?

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा 'वयोश्रेष्ठ सन्मान' आहे, २०१३ पासून राष्ट्रीय पुरस्काराच्या दर्जाचा. त्यात ज्येष्ठांना सेवा देणाऱ्या संस्था, वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था असे संस्थात्मक गट आहेत. वैयक्तिक गट आहेत ते ज्येष्ठांसाठीच : शतायुषी, आदर्श माता, जीवनगौरव, कला, क्रीडा, धाडस असे. तुमच्या माहितीतली संस्था खरंच मोठं काम करत असेल तर केंद्राच्या पुरस्कार पोर्टलवर तिचं नाव जरूर पाठवा. पण फ्लोट बसवणारा मेकॅनिक किंवा डब्याच्या ताई यांना त्या गटांत जागा नाही. त्यांच्यासाठी वस्तीलाच पुढे यावं लागतं.

खर्च कसा भागवायचा?

वर्गणीतून. प्रायोजक घेतलाच तर घरी आया पुरवणारे ब्यूरो, वैद्यकीय वस्तूंची दुकानं, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे बिल्डर यांच्यापैकी घेऊ नका. पुढच्या वर्षी त्यांचंच नाव यादीत येतं.

सत्कार झाल्यावर त्या व्यक्तीबद्दल तक्रार आली तर?

समितीतल्या दोघांनी ज्येष्ठाकडे जाऊन त्याच्याशी एकट्यात बोलावं. प्रकरण छळाचं, पैशाचं किंवा घराबाहेर काढण्याचं असेल तर संघात मिटवायला बसू नका. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. ती फक्त तक्रारींसाठी नाही. पेन्शन, कायदा, योजना यांची माहितीही मिळते. तातडीचा धोका असेल तर ११२.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना काय कळवायचं?

नाव सुचवणाऱ्या ज्येष्ठाला फोन करा, पत्र नको. का नाही, ते सरळ सांगा. ती व्यक्ती पात्र असेल पण जागा नसेल तर नाव पुढच्या वर्षाच्या वहीत तिथल्या तिथे लिहा. आणि सुचवलेल्या माणसाला इतकं तरी नक्की कळवा की अमुक काकूंनी तुमचं नाव दिलं होतं.